घोड्याच्या आवाराला काटेरी तार नको

शेताच्या बांधावर असते तीच काटेरी तार घोड्याच्या आवाराला ओढून मोकळं होऊ नका. घोडा बिचकला की आधी पळतो, मग बघतो. पाय तारेत अडकला तर शांत उभा राहत नाही, हिसडे देतो आणि कातडं सोलून निघतं. त्यापेक्षा लाकडी फळ्या किंवा लोखंडी पाइप बरे, खर्च जास्त असला तरी. उंची साडेचार ते ५ फूट. फळ्या खांबांच्या आतल्या बाजूने ठोका. घोडा अंग घासतो, बाहेरून ठोकलेली फळी खिळ्यांसकट सुटते. जाळी लावायचीच तर भोक खुरापेक्षा लहान हवं, शिंगरू असेल तर त्याच्या खुरापेक्षा. आणि हो, फाटकाच्या कडीवरून एकदा हात फिरवा, टोक बोचतंय का ते कळेल.