मक्यातली अमेरिकन लष्करी अळी: औषध पोंग्यात पोचलं तरच उपयोग

मूळची अमेरिका खंडातली ही कीड २०१६ मध्ये आफ्रिकेत आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली. त्याच वर्षी ती सोलापूर जिल्ह्यातल्या मक्यावर आली. पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जातो, त्यामुळे शेजारच्या रानात काही नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मका उगवताच एकरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सापळ्यातली वासाची गोळी, म्हणजे ल्युअर, याच किडीचा हवा. घाटे अळीचा लावलात तर या किडीचे पतंग सापडणार नाहीत.

सापळ्यात पतंग दिसू लागले की पानं उलटून बघा. मादी शंभर-दोनशे अंडी पुंजक्याने घालते आणि वर करड्या केसांचा थर देते. असं पान तिथेच चुरडा. बारीक अळ्या हिरवा भाग खरवडतात, पानावर पांढरे पापुद्रे उरतात. मोठी अळी डोक्यावरच्या उलट्या इंग्रजी वाय अक्षरावरून आणि शेपटीजवळच्या चौकोनातल्या चार काळ्या ठिपक्यांवरून ओळखा.

शंभरातल्या पाच झाडांवर पापुद्रे दिसले की ५ टक्के निंबोळी अर्क, किंवा १५०० पीपीएम अझाडिरॅक्टिन (कडुनिंबाचं तयार औषध) १५ लिटरच्या पंपाला ७५ मिली फवारा. पोंगा (मधल्या कोवळ्या पानांची सुरळी) भरल्यावर प्रादुर्भाव दहा टक्क्यांच्या वर गेला, तर क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी पंपाला ६ मिली किंवा स्पिनेटोरम ११.७ एससी साडेसात मिली. दोन्ही एकत्र नको, आणि पुढच्या फवारणीला औषध बदला.

बहुतेकांची फवारणी इथेच वाया जाते. अळी पोंग्यात खोल बसते आणि वर भुशासारख्या विष्ठेचं बूच असतं. पानांवरून फिरवलेला फवारा तिला लागतच नाही. नोझल प्रत्येक पोंग्यावर धरा, तेही संध्याकाळी, कारण अळी तेव्हा वर येते.

अळी बोटाच्या पेराहून मोठी झाली की फवारणीला फारशी दाद देत नाही. मग आमिष करा: १० किलो भाताचा कोंडा आणि २ किलो गूळ, २-३ लिटर पाण्यात कालवून २४ तास आंबवा. टाकायच्या अर्धा तास आधी १०० ग्रॅम थायोडीकार्ब मिसळा आणि हातमोजे घालून चिमूट-चिमूट पोंग्यात सोडा. जनावरं, कोंबड्या लांब ठेवा.

तुरा आल्यावर फवारणीचा खर्च निघत नाही. कणसांतल्या अळ्या हाताने वेचा. चाऱ्याच्या मक्यावर रासायनिक औषध मारूच नका.