समुद्रफूल आजारी पडलंय? आधी हात टँकच्या बाहेर काढा

गेल्या मे महिन्यात आम्ही आठ दिवस गावी गेलो आणि खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टँकची जबाबदारी धाकट्या भावावर टाकली. सांगितलं एवढंच, की रोज जेवढं पाणी उडेल तेवढं कॅनमधून भर. आता कॅन होते दोन, दोन्ही पांढरे, दोन्ही २० लिटरचे, एकात साधं आरओचं पाणी आणि दुसऱ्यात वॉटर चेंजसाठी कालवून ठेवलेलं मिठाचं, आणि नाव एकावरही लिहिलेलं नाही. त्याने बिचाऱ्याने इमानदारीत रोज अडीच लिटर भरलं, फक्त चुकीच्या कॅनमधलं. परत आलो तर २०० लिटरच्या टँकची सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, ३५ वरून साडेअडतीस, पाणी ३१ डिग्री, आणि माझं बबल टिप ॲनिमोनी, म्हणजे टोकांना फुगे येणारं समुद्रफूल, जे जेवणाच्या ताटाएवढं फुलायचं, ते दगडाच्या फटीत सोललेल्या कांद्याएवढं होऊन बसलेलं, पांढरंफटक, तोंड उघडं.

भावाला काय बोलणार, कॅनवर नाव न टाकणारा मीच. पण त्या आजारपणात जे शिकलो ते लिहून ठेवतोय, कारण असं काही झालं की माणूस घाबरून चार उलट्या गोष्टी करतो आणि वाचणारा जीव त्यातच जातो.

आधी बघा, खरंच आजारी आहे का

नवीन लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. समुद्रफूल आक्रसलं म्हणजे मेलं असं नसतं. त्याला खायचं आणि घाण टाकायचं भोक एकच, त्यामुळे मधूनमधून ते अंगातलं पाणी सोडून लिंबाएवढं होतं, तोंडातून तपकिरी शेंबडासारखं काहीतरी बाहेर टाकतं आणि काही तासांत परत फुलतं. हे नॉर्मल आहे, पोट साफ झालं म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

काळजी कधी करायची, तर दिवसेंदिवस फुगतच नाही, किंवा सारखं फुगतं-आक्रसतं, तोंड सैल पडून आ वासलेलं, आतलं पांढरं दोऱ्यासारखं बाहेर लोंबतंय, पाय दगडाला धरत नाही आणि ते टँकभर वाहत फिरतंय, किंवा हातमोजा घालून हलकेच बोट लावलं तर चिकटतच नाही. हातमोजा विसरू नका, त्याच्या डंखाने काहींच्या हाताला पुरळ येतं. आणि रंग गेलेला असणं ही वेगळी भानगड, ती खाली सांगतो.

मग मोजा, आणि मोजेपर्यंत काही करू नका

मला आल्या आल्या ते उचलून दुसरीकडे ठेवावं, लाइट वाढवावा, कोळंबी भरवावी असं सगळं एकदम वाटलं होतं. टेस्ट किट काढलं म्हणून वाचलो. बघायचं ते असं: सॅलिनिटी ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५ ते १.०२६, तापमान २५ ते २७, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आत (पण ठणठणीत शून्यही नको), पीएच ८.१ ते ८.४, अल्कलिनिटी ८ ते ११ डीकेएच. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर असेल तर तो ३५ च्या कॅलिब्रेशन लिक्विडवर लावून घ्या, साध्या पाण्यावर शून्याला लावलेला ३५ च्या आसपास चुकीचं दाखवू शकतो. ते काटा हलणारं प्लॅस्टिकचं हायड्रोमीटर असेल तर त्याला बुडबुडा चिकटला की काहीही आकडा येतो.

तांब्याचंही विचारा स्वतःला. या टँकमध्ये कधी माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी तांब्याचं औषध टाकलं होतं का? समुद्रफुलाला तांबं म्हणजे विषच, आणि ते दगडात, वाळूत मुरून नंतर हळूहळू सुटत राहतं. असा टँक असेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही, आधी ते दुसरीकडे हलवावं लागेल.

आणि टँकचं वय. दोन महिन्यांच्या टँकमध्ये आणून सोडलं असेल तर आजार शोधायची गरजच नाही, तेच कारण. निदान सहा महिने, माझ्या मते तर वर्षभर टँक मुरल्याशिवाय ॲनिमोनी आणूच नये, दुकानदार काही म्हणो.

पाणी सुधारा, पण बैलगाडीच्या वेगाने

बिघडलं आठ दिवसांत तर एका रात्रीत सरळ करायचं नाही. सॅलिनिटी दिवसाला एकपेक्षा जास्त खाली आणू नका. हिशोब सोपा आहे, माझ्या २०० लिटरमधून रोज ५ लिटर खारं पाणी काढलं आणि ५ लिटर आरओचं हळूहळू सोडलं की साधारण एक पीपीटी उतरते. चार दिवसांत ३५ वर आलो.

तापमानाचंही तेच. बर्फाची बाटली टाकून एकदम पाच डिग्री पाडू नका, रात्री बर्फ वितळला की परत वर, हा झोका त्याला जास्त मारतो. चिलर परवडत असेल तर उत्तमच. नाहीतर पाण्यावर वारा मारणारे छोटे पंखे लावा, दोनेक डिग्री उतरतात, फक्त मुंबई-ठाण्याकडच्या दमट हवेत, पावसाळ्यात तर जास्तच, त्यांचा जोर कमी पडतो. आणि पंखा लावला की पाणी दुप्पट उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून भरायचं ते बिनमिठाचंच पाणी. माझ्या कॅनवर आता मोठ्या अक्षरात लिहिलंय, एकावर ‘साधं’ आणि दुसऱ्यावर ‘खारट – हात लावू नये’.

घरच्या पिण्याच्या आरओवर भरवसा ठेवण्याआधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) लावा. पिण्याच्या मशीनमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळतात, ते आपल्याला चालतं, टँकला शून्याच्या जवळचं पाणी लागतं. नळाचं पाणी क्लोरीनमुळे तसंच भरायचं नाही हे तर माहीतच असेल.

अमोनिया दिसला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी २०-२५ टक्के पाणी बदला, तापमान आणि सॅलिनिटी जुळवून, आणि फिल्टरमध्ये नवीन कार्बन टाका.

जागा

पाय दगडाला धरलेला असेल तर त्याला ओढून काढू नका. कधीच. पाय फाटला की तिथूनच सडायला लागतं. त्याला जागा आवडली नाही तर ते स्वतः चालत जातं, तेवढी अक्कल त्याला आहे. आपण फक्त वेव्हमेकरच्या (पाणी खेळतं ठेवणाऱ्या पंपाच्या) तोंडाला जाळी किंवा स्पंज लावायचा, कारण आजारी ॲनिमोनी सुटून थेट त्या पात्यात जातं, आणि मग ॲनिमोनीची चटणी आणि सगळ्या टँकचा विषारी काढा होतो.

पाय सुटलाच असेल तर स्ट्रॉबेरीचा तो भोकाभोकाचा प्लॅस्टिकचा डबा असतो ना, तो धुऊन घ्या, त्यात एक खडबडीत दगड ठेवा आणि त्याला अलगद त्यात बसवा. पाणी खेळतं राहील पण जोरात लागणार नाही अशी जागा बघा. दोन-चार दिवसांत धरतं.

लाइट

पांढरं पडलं म्हणजे त्याच्या अंगात राहणारं तपकिरी शेवाळ, झूझॅन्थेली, निघून गेलं. लाइटवर तेच शेवाळ अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा याला देतं, म्हणजे घरातला कमावताच गेला. आता लोक काय करतात, उजेड कमी पडला समजून लाइट फुल करतात. उलटं करायचं. जे थोडंफार शेवाळ उरलंय ते कडक लाइटमध्ये आणखी होरपळतं. मी लाइट ३० टक्क्यांवर आणला, रोज आठ तास, आणि मग दर आठवड्याला पाच-पाच टक्के वाढवला. पूर्ण अंधारही करायचा नाही.

यावरून आठवलं, दुकानात दुधासारखं पांढरं, जांभळ्या टोकांचं ‘स्पेशल’ म्हणून महाग विकतात ना, ते बहुतेक वेळा ब्लीच झालेलं, उपाशी ॲनिमोनी असतं. आणि पिवळंजर्द किंवा गडद गुलाबी दिसलं तर कित्येकदा चक्क रंगवलेलं असतं. मला एकदा असंच एक पिवळं विकलं, तीन आठवड्यांत रंग उतरला आणि खाली हाच पांढरा नग निघाला.

भरवायचं कसं

कमावता गेला म्हणजे आता तोंडातून भरवल्याशिवाय गत्यंतर नाही, पण इथेच माझ्या हातून मोठी चूक झाली. प्रेमापोटी अख्खी कोळंबी दिली. त्याने घेतली, गिळली, मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जशीच्या तशी, वर बुळबुळीत चिकट थर आणि वास घेऊन बाहेर. अशक्त ॲनिमोनीला मोठा घास पचत नाही, पचवायला जाते ती ताकदही वाया जाते आणि पाणीही नासतं.

मग बाजारात जाऊन ओला जवळा आणला. मासेवाल्या मावशी म्हणाल्या, “एवढासाच कशाला रे, मांजर पाळलंस काय?” म्हटलं हो. काय सांगणार. तर जवळा आरओच्या पाण्यात दोन-तीनदा धुवायचा, चमचा-चमचा करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचा, लागेल तशी एक वडी काढून वितळवायची आणि वितळलेलं पाणी ओतून द्यायचं. सुकट नको, मीठ-हळद लागलेलं तर अजिबात नको, बांगडा-तारलीसारखे तेलकट मासे पाणी खराब करतात. जवळा मिळत नसेल तर फ्रोझन मायसिस (जवळ्यासारखेच बारीक जीव), किंवा कोळंबीचा तांदळाच्या दोन दाण्यांएवढा तुकडा.

भरवताना पंप आणि वेव्हमेकर १०-१५ मिनिटं बंद करा. लांब चिमट्याने एक जवळा टोकांवर, म्हणजे त्याच्या बोटांसारख्या हातांवर, नुसता टेकवा आणि सोडा. ती धरतील, हळूहळू आत वळवतील, तोंडाकडे नेतील, याला पाच मिनिटंही लागतात. धरलं नाही तर तोंडात कोंबू नका, तुकडा उचलून घ्या, दोन दिवसांनी परत बघा. तोंड आ वासलेलं असेल तोवर भरवायचंच नाही. आणि घास चोरणारे असतातच, माझ्याकडे क्लीनर श्रिंप सरळ त्याच्या तोंडात हात घालून काढायचा, त्यावर उपाय म्हणजे प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा अर्धा भाग कापून तेवढा वेळ त्याच्यावर पालथा घालायचा. तीन दिवसांतून एकदा, एवढंच. पंप परत चालू करायला विसरू नका, मी विसरलोय.

क्लाउनफिश दूर ठेवा

क्लाउनफिश ॲनिमोनीत झोपतात ते फोटोला छान दिसतं, पण आजारी ॲनिमोनीला ते दिवसभर अंग घासून घासून फुगूच देत नाहीत. जाळीच्या ब्रीडर बॉक्समध्ये त्यांना दोन-तीन आठवडे बाजूला काढा. रागावतात, काही होत नाही.

अँटिबायोटिकचं कोणीतरी सांगेलच. नुकतंच समुद्रातून आलेलं कार्पेट किंवा मॅग्निफिका जातीचं ॲनिमोनी दर दिवशी फुगतंय-आक्रसतंय अशा वेळी अनुभवी लोक वेगळ्या हॉस्पिटल टँकमध्ये, रोज सगळं पाणी बदलून, सिप्रोफ्लॉक्सासिन वापरतात. मुख्य टँकमध्ये ते टाकायचं नाही, तिथले चांगले जिवाणू मरतात. पाणी बिघडून आजारी पडलेल्या बबल टिपला त्याची गरज नसते, आणि प्राण्यांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय तिकडे वळूच नका.

किती दिवस, आणि संपलं हे कसं ओळखायचं

पाणी नीट झाल्यावर आठवड्याभरात तोंड मिटलं पाहिजे आणि टोकं चिकटायला लागली पाहिजेत. रंग परत यायला महिने लागतात. यात घाई नसते त्याला. एडिनबर्गला १८२८ साली समुद्रातून आणलेलं एक समुद्रफूल काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगलं, ‘ग्रॅनी’ म्हणायचे त्याला, म्हणजे आणणारा माणूस जाऊनही ते होतंच. अर्थात ते वेगळ्या जातीचं, शेवाळावर न जगणारं, पण चिवटपणा बघा.

मेलेलं मात्र तासाभरही ठेवू नका. अंग चिंध्यांसारखं सुटायला लागलं, हात लावला की विरघळतं आणि वास असा की शेजारी बेल वाजवतील, असं झालं की दगडासकट बाहेर काढा, मोठा वॉटर चेंज करा, कार्बन टाका, दोन दिवस अमोनिया मोजत राहा. वास नसेल आणि एक टोक जरी हलत असेल तर टाकून देऊ नका.

माझ्याचं तोंड नवव्या दिवशी मिटलं. तिसऱ्या आठवड्यात पहिला जवळा त्याने स्वतः ओढून घेतला. ऑगस्टमध्ये बुडाशी चहाच्या डागासारखी तपकिरी झाक दिसली, सप्टेंबरच्या शेवटी वरपर्यंत रंग आला. बबल मात्र आलेले नाहीत, सगळी टोकं लांबच्या लांब शेवयांसारखी आहेत, ते चालतं. मावशी अजून विचारतात मांजर कसं आहे.