न्हावा-शेवाचा कटऑफ चुकू नये म्हणून

धक्क्यावरची क्रेन एक कंटेनर दोन-अडीच मिनिटांत जहाजावर ठेवते. तोच कंटेनर क्रेनपर्यंत पोहोचायला मात्र दोन-दोन दिवस लागतात, ते रस्ता, गेट आणि कागदांपायी. नायजेरियातल्या लागोसच्या अपापा बंदराबाहेर ट्रकांच्या रांगा इतक्या वाढल्या की २०२१ मध्ये ट्रकांना ऑनलाइन पाळी द्यावी लागली. नवी मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदराची अवस्था तितकी वाईट नाही, पण दुखणं त्याच जातीचं आहे. स्वतःच्या कारखान्यात किंवा पॅकहाउसमध्ये कंटेनर भरून पाठवणाऱ्या लहान निर्यातदाराने काय सांभाळायचं, ते पुढे क्रमाने.

आधी कटऑफपासून, म्हणजे जहाजासाठी ठरलेल्या शेवटच्या मुदतीपासून, उलटं मोजा. कटऑफ एक नसतो: कागदांचा (एसआय, म्हणजे जहाज कंपनीला द्यायचा मालाचा तपशील) वेगळा, व्हीजीएमचा (भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन) वेगळा, गेटचा वेगळा. तिन्ही वेळा लाइनकडून (जहाज कंपनीकडून) लेखी घ्या आणि रोज सकाळी तपासा, कारण जहाज मागेपुढे झालं की त्याही सरकतात. नाशिकहून बंदर सुमारे २०० किमी. तरी ट्रेलर गेट कटऑफच्या २४ तास आधी बंदर परिसरात पोहोचेल असा हिशेब धरा. फार लवकर पाठवण्यातही शहाणपणा नाही. त्या जहाजासाठी गेट उघडेपर्यंत टर्मिनल कंटेनर आत घेत नाही आणि ट्रेलरचं हॉल्टिंग (थांबण्याचं भाडं) तुमच्या बोकांडी बसतं.

टर्मिनलचं नाव गाडी सुटण्यापूर्वी पुन्हा विचारा. इथे पाच कंटेनर टर्मिनलं आहेत. शिपिंग बिलावर (कस्टम्सकडे भरायच्या निर्यातीच्या कागदावर) सगळ्यांना बंदराचा कोड एकच, त्यामुळे चूक कागदावर दिसत नाही. चुकीच्या रांगेत तीन तास घालवल्यावर ड्रायव्हरचा फोन येतो तेव्हा कळते. गेटवर लागणारा फॉर्म १३, म्हणजे कंटेनर आत नेण्याचा पास, मात्र जहाज आणि टर्मिनलनुसारच असतो.

रिकामा कंटेनर यार्डातून घेतानाच तपासा. एकाने आत उभं राहायचं, दुसऱ्याने दारं लावायची. आत कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर डबा परत. दाराचं रबर, फळीतले वर आलेले खिळे, आधीच्या मालाचा वास हेही बघा. रीफर (शीत कंटेनर) असेल तर पीटीआयचं, म्हणजे प्रवासाआधीच्या तपासणीचं, स्टिकर पाहा. रीफर माल गार ठेवतो, गार करत नाही. द्राक्षं प्रीकूलिंग न करता भरली तर युरोपात काय उतरेल ते सांगायला नको. आतल्या लाल रेषेच्या वर पेट्या गेल्या की हवा फिरत नाही, आणि वाटेत जेनसेट (रीफरला वीज देणारा जनरेटर) बंद पडला तर तापमानाच्या नोंदीत तो खड्डा कायमचा राहतो.

आता वजन. १ जुलै २०१६ पासून व्हीजीएमशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. व्हीजीएम म्हणजे माल, पॅकिंग, आधाराची लाकडं आणि रिकाम्या कंटेनरचं वजन, एवढंच. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे काट्यावरच्या आकड्यातून ट्रेलरचं वजन वजा न करणं. २० फुटी डब्याचं स्वतःचं वजन २,२०० किलोच्या आसपास असतं, पण अंदाज नको. दारावरचा टेअरचा (रिकाम्या डब्याच्या वजनाचा) आकडा घ्या. कमाल एकूण वजन बहुधा ३०,४८० किलो असतं. तेवढं भरता येतं म्हणून रस्त्यावर चालतं असं नाही, ट्रेलरची कायदेशीर मर्यादा वेगळी पाहावी लागते. माल लांबीभर सारखा पसरवा. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा) शिक्का हवा. पावसाळ्यात ओलसर लाकूड आत गेलं की छतावर दव धरतं आणि खोक्यांवर ठिबकतं, म्हणून आर्द्रता शोषणाऱ्या पिशव्या टांगा.

सीलची गंमत अशी की ते लावायला एक मिनिट आणि चुकलं तर एक दिवस. शिपिंग बिल आधी दाखल करा, मग आरएफआयडी ई-सील (यंत्राने दुरून वाचता येणारं सील) लावा आणि शिपिंग बिल, सील, कंटेनर, गाडी यांचे नंबर पोर्टलवर लगेच भरा. कंटेनर नंबर म्हणजे चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला तपासणी अंक. एखादा आकडा टायपिंगमध्ये चुकला तर या अंकामुळे बहुतेक वेळा पकडला जातो. पण दुसऱ्याच डब्याचा बरोबर नंबर लिहिला तर यंत्रणा तोही स्वीकारते. म्हणून बंद दाराचा, नंबर आणि सील दोन्ही दिसतील असा फोटो सीएचएला (कस्टम्सची कामं करणाऱ्या एजंटला) पाठवा आणि त्यावरूनच कागद भरायला सांगा. नंबर जुळला नाही किंवा सील वाचलं गेलं नाही, तर कस्टम्स डबा उघडायला लावू शकतं.

बंदराच्या पार्किंग प्लाझात एलईओ (कस्टम्सची निर्यातीची परवानगी) मिळाली की गेट. पुढचा प्रवास कंटेनर नंबर टाकून एलडीबी (लॉजिस्टिक्स डेटा बँक) पोर्टलवर दिसतो. गेट-इनची नोंद आली का ते स्वतः पाहा, ड्रायव्हरच्या ‘आत गेलो साहेब’वर थांबू नका.

एवढं करूनही जहाजात जागा नाही म्हणून लाइन डबा पुढच्या जहाजावर ढकलते. तेव्हा नव्या जहाजाचं नाव आणि जादा दिवसांचं भाडं, रीफरची वीज कोण भरणार, हे त्याच दिवशी ईमेलवर घ्या. रागाने माल परत आणायला जाऊ नका. ‘बॅक टू टाउन’साठी कस्टम्सची परवानगी लागते, आणि ती मिळेपर्यंत बहुधा पुढचं जहाजही सुटलेलं असतं.