वादग्रस्त सेनानीच्या पुतळ्याशेजारचा माहितीफलक कसा लिहावा

पुतळा ठेवायचा की हलवायचा यावर सभा गाजतात. फलक मात्र कुणीतरी बसून लिहावा लागतो, आणि जागा असते जेमतेम १०० ते १२० शब्दांची. उदाहरणाला जेम्स नील घेऊ. स्कॉटलंडमधल्या एअरचा, मद्रास फ्युजिलियर्स या पलटणीचा अधिकारी. २५ सप्टेंबर १८५७ रोजी लखनौच्या लढाईत मारला गेला. पुढे मद्रासच्या माउंट रोडवर त्याचा पुतळा उभा राहिला.

आधी चौथऱ्यावरचा मूळ लेख अक्षरशः उतरवून घ्या. झिजलेली अक्षरं सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वाचता येतात. खडू फासू नका, दगडाला डाग पडतो. पुतळा कुणी उभारला, केव्हा, कुणाच्या पैशाने, हेही लगेच नोंदवा. 'शूर' हा शब्द कुणाचा, ते त्यावरून कळतं.

मग तारखांचा तक्ता करा. एक रकाना घटनेचा, दुसरा हुकुमाचा, तिसरा पुराव्याचा. इथे घाई केली की फलक फसलाच म्हणून समजा. नीलच्या बाजूने नेहमी सांगतात की कानपूरच्या बीबीघरात इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली, त्या संतापातून तो क्रूर झाला. तक्ता काय सांगतो? बीबीघरची कत्तल १५ जुलैची. नीलने वाराणसी आणि अलाहाबादला फाशीसत्र चालवलं ते जूनमध्ये. कानपूरच्या वाटेवरची ठरावीक गावं उद्ध्वस्त करून माणसं मारण्याच्या लेखी सूचना त्याने मेजर रेनॉला दिल्या, त्याही बीबीघरच्या आधी. कैद्यांना फाशीपूर्वी रक्ताचे डाग साफ करायला, चाटायला लावणारा हुकूम तेवढा नंतरचा. म्हणून बीबीघर फलकावर हवंच, पण आपल्या तारखेच्या जागी.

'त्या काळची रीतच तशी' हे वाक्य लिहिण्याआधी त्या काळातलाच विरोध शोधा. सरसकट शिक्षांना आवर घालणारा ठराव गव्हर्नर जनरल कॅनिंगने ३१ जुलै १८५७ रोजी काढला, आणि त्याच्याच लोकांनी 'दयाळू कॅनिंग' म्हणून त्याची टर उडवली.

भाषेत सगळ्यात दगा देते ती कर्ता गाळणारी वाक्यरचना. 'गावे जाळण्यात आली' यात जाळणारा गायब होतो. 'नीलच्या हुकुमावरून सैनिकांनी गावं जाळली' असं लिहा. 'बंड', 'उठाव', 'स्वातंत्र्यसमर' यांतला एकच शब्द ठरवून शेवटपर्यंत वापरा. मृतांचा आकडा पक्का नसेल तर घालू नका.

पुतळ्याचं पुढचं आयुष्य दोन ओळींत आटपा: तो हटवण्यासाठी झालेला १९२७ चा सत्याग्रह, १९३७ मध्ये मद्रास प्रांतातल्या राजाजींच्या (राजगोपालाचारींच्या) सरकारने संग्रहालयात केलेली रवानगी. अंदमानातलं नील बेट २०१८ मध्ये शहीद द्वीप झालं, हे जागा उरली तरच. एअरला त्याचा पुतळा आहे, हे मात्र गाळू नका. एकाच माणसाकडे दोन गावं कशी बघतात ते तिथे दिसतं.

मीटरभरावरून वाचायचं तर अक्षर साधारण ८ मिलिमीटर उंच ठेवा. ओळींत अंतर सढळ सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. चकचकीत पत्रा टाळा. दुपारी त्यावर फक्त ऊन दिसतं.