थेरपिस्टला पहिल्याच फोनवर काय विचारायचं, नागपूरकरांसाठी

धंतोली-रामदासपेठेत एकाच बिल्डिंगवर काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट, माइंड कोच, हीलर अशा सगळ्या पाट्या दिसतात आणि माणूस गोंधळतो की आता जायचं कोणाकडे. त्यात ज्या शहरात ऑटोवाला अजूनही बिनधास्त 'पागलखाना चौक' म्हणतो तिथे घरी सांगून जाणंही सोपं नाही. तर जायच्या आधी एक फोन करा, आणि बिलकुल न लाजता विचारा.

आधी शिक्षण. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी वगैरे केलेला डॉक्टर, औषध तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, बहुतेकांचं दोन वर्षांचं एमफिल असतं आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं म्हणजे आरसीआयचं रजिस्ट्रेशन लागतं, नंबर मागा, त्यात कोणाला राग यायचं कारण नाही. काउन्सेलर बऱ्याचदा सायकॉलॉजीत एमए किंवा एमएसडब्ल्यू (म्हणजे समाजकार्यात मास्टर्स) असतात, त्यातले कितीतरी उत्तम काम करतात. वीकेंडचा ऑनलाइन कोर्स करून 'दोन सिटिंगमध्ये डिप्रेशन गायब' म्हणणाऱ्याला मात्र दुरूनच नमस्कार.

पण डिग्रीपेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न, जो कोणी विचारतच नाही: तुम्ही काम कसं करता? समजा एक पोरगी एमपीएससीत दोनदा राहिली, झोप नाही, आई रोज विचारते आता पुढे काय. सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी करणारा (विचार आणि वागणं तपासून बदलायची ही पद्धत अ‍ॅरन बेक यांनी 1960 च्या दशकात उभी केली) तिला म्हणेल की 'मी कशाच्याच लायकीची नाही' हा विचार नेमका कधी येतो ते वहीत लिहून आण, मग दोघं मिळून तो तपासतील, म्हणजे दर आठवड्याला होमवर्क आलंच. सायकोडायनॅमिकवाला मागे जाईल, नापास व्हायची एवढी भीती घरात कुठून आली, कोणाच्या नजरेची, हे हळूहळू उलगडेल आणि त्याला जास्त महिने लागू शकतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या वाटेने जाणारा सल्ला न देता नीट ऐकून घेईल, आणि ज्या घरात सगळेच सल्ला देऊन राहिले तिथे ते ऐकणंच मोठं असतं. बरेच जण मिसळून करतात, हरकत नाही, पण का आणि कसं ते साध्या मराठीत सांगता आलं पाहिजे. 'ते तुम्ही माझ्यावर सोडा' असं उत्तर आलं तर मी तरी दुसरा नंबर लावीन.

सुपरव्हिजन घेता का हेही विचारा, म्हणजे नाव न सांगता अवघड केस एखाद्या सीनियरसोबत बोलतात का. घेणारे असले तर चांगलंच.

आता खास आपल्या गावचा प्रॉब्लेम. नागपुरात कोणी ना कोणी ओळखीचं निघतंच, थेरपिस्ट तुमच्या वहिनीची मैत्रीण निघाली तर काहून तिथे जायचं, सरळ दुसरा पहा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्तता हा तुमचा हक्क आहे, फक्त कोणाच्या जिवाला धोका असला वगैरे अशा वेळी अपवाद होतो, तो कधी ते पहिल्याच सेशनला स्पष्ट करून घ्या.

फी, सेशन किती मिनिटांचं (साधारण 45 ते 60), कॅन्सल केलं तर पैसे जातात का, हेही तेव्हाच. खिशाला झेपत नसेल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानकडच्या एम्स या सरकारी हॉस्पिटलांच्या मानसोपचार ओपीडीत जा, गर्दी असते, थांबायची तयारी ठेवा. आणि जीव नकोसा झालाय इथपर्यंत आलं असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीतही बोलतात, आणि घरातल्या एकाला जवळ बसवा.

तीन-चार सेशननंतर जमून नाही राहिलं वाटलं तर गायब होऊ नका, तोंडावर सांगा. चांगला थेरपिस्ट एक तर पद्धत बदलून पाहतो, नाहीतर स्वतःच दुसऱ्याचं नाव देतो.