बॉनेटला झरोके पाडून इंजिन थंड कसे ठेवावे: कोकणातल्या गाडीमालकांसाठी

मे महिन्यात एसी लावून, गाडीत पाच माणसे आणि डिकीत आंब्याच्या पेट्या घेऊन कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना टेंपरेचरचा काटा नेहमीची जागा सोडून वर सरकू लागला, की बॉनेटला झरोके पाडून घ्यावेत असा सल्ला कोणी ना कोणी देतोच. सल्ला चुकीचा नाही. मात्र झरोका योग्य जागी असेल तरच इंजिनाभोवतीची गरम हवा बाहेर ओढली जाते. चुकीच्या जागी पाडला तर तीच हवा आत कोंडते, आणि किनाऱ्यावरच्या पावसात व खाऱ्या वाऱ्यात बॉनेटला गंज चढायला तेवढे निमित्त पुरते. म्हणूनच या कामात पत्रा कापण्यापेक्षा त्याआधीची तपासणी मोठी आहे.

हवेचा मार्ग समजून घ्यावा

पुढच्या जाळीतून आलेली हवा आधी एसीच्या कंडेन्सरमधून, मग रेडिएटरमधून आणि पंख्यातून जाते आणि तापलेल्या अवस्थेत इंजिनाच्या खोलीत शिरते. तिथून तिला बाहेर पडायला मुख्य वाट खालची, म्हणजे गाडीच्या पोटाखालची. ही वाट अपुरी पडली, की बॉनेटखाली दाब वाढतो, रेडिएटरच्या पुढच्या आणि मागच्या दाबातला फरक कमी होतो आणि रेडिएटरमधून जाणारी हवाच घटते. झरोका या हवेला वरून दुसरी वाट करून देतो. स्कॉर्पिओच्या काही मॉडेलांवर किंवा पहिल्या पिढीच्या डिझेल फॉर्च्युनरवर बॉनेटमध्ये जे पुढे तोंड असलेले उंचवट्याचे भोक दिसते, ते मात्र इंटरकूलरला, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाला, बाहेरची हवा पुरवण्यासाठी असते. त्याची नक्कल करून साध्या गाडीला तसे तोंड बसवले, तर हवा आत भरते आणि रेडिएटरचे काम उलट अवघड होते.

कोकणात आणखी एक गोष्ट घडते. दमट हवेतली वाफ एसीच्या आतल्या कॉईलवर गारठून पाणी होते. मे महिन्यात उभ्या गाडीखाली जे थारोळे साचते ते हेच पाणी. एक लिटर पाणी असे गाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि ती सगळी कंडेन्सरमधून, म्हणजे नेमकी रेडिएटरच्या पुढ्यात टाकली जाते. त्यामुळे तापमापक कोकणात घाटापलीकडच्या देशापेक्षा कमी अंश दाखवत असला, तरी एसी लावलेल्या गाडीच्या रेडिएटरवरचा ताण कमी असतोच असे नाही.

पहिली पायरी: मूळ दोष आधी शोधावा

सुस्थितीतली गाडी घाट चढतानाही कारखान्यातून आलेल्या व्यवस्थेवर थंड राहिली पाहिजे. ती राहत नसेल, तर झरोक्याने दोष झाकला जाईल, बरा होणार नाही. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून कूलंटची पातळी आणि रंग पाहावा. इंजिन तापलेले असताना हे झाकण कधीही उघडू नये, कारण दाबाखाली शंभर अंशांच्या वर असलेले पाणी झाकण सुटताच उकळून अंगावर उडते. आतले मिश्रण साधारणपणे निम्मे मूळ (कॉन्सन्ट्रेट) कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर या प्रमाणात असावे. किनाऱ्याजवळच्या गावांत विहिरीचे मचूळ पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय आहे, ती सोडावी. त्यातले क्षार आतल्या बारीक नळ्यांत थर धरतात आणि अॅल्युमिनियम खातात.

मग कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारून पाहावे. जांभ्याची तांबडी धूळ, किडे आणि मिठाचा ओलसर थर यांची मिळून तिथे चिखलासारखी साय तयार होते, जी बाहेरून जाळीतून पाहिले तर दिसत नाही. ती साध्या नळाच्या कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवावी. वॉशिंग सेंटरमधल्या जोरदार फवाऱ्याने पातळ पापुद्रे वाकतात आणि हवेची वाट कायमची बुजते.

पंख्याकडे विशेष लक्ष द्यावे. एसी चालू करून पंखा फिरतो एवढे पाहून थांबू नये. त्याचा कनेक्टर काढून आतल्या पिनांवर हिरवट पूड जमली आहे का, प्लास्टिक एका बाजूने करपून तपकिरी झाले आहे का, हे पाहावे. खाऱ्या हवेत जोड गंजला, की विजेला विरोध वाढतो, पंखा फिरतो पण मंद फिरतो, आणि माणगावच्या कोंडीत गाडी अर्धा तास रांगेत उभी राहिली की काटा चढतो. हा दोष कोकणातल्या गाड्यांत इतका वारंवार आढळतो, की माझ्या मते झरोक्याचा खर्च करण्याआधी प्रत्येकाने हा एक कनेक्टर उघडून पाहिलाच पाहिजे.

शेवटी रेडिएटरच्या चारी बाजूंच्या फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या आणि इंजिनाखालचे प्लास्टिकचे कव्हर जागेवर आहे का, याची खात्री करावी. बंपरचे काम केल्यावर पट्ट्या परत बसवल्या जात नाहीत, आणि खड्ड्यात आपटून तुटलेले कव्हर काढून टाकले जाते. पट्ट्या नसल्या तर हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जाते, आणि गाडी उभी असताना पंख्याने मागे फेकलेली गरम हवा फिरून पुढे येते. पुष्कळ गाड्यांचा प्रश्न इथेच सुटतो आणि बॉनेट शाबूत राहते.

दुसरी पायरी: जागा दाबावरून ठरवावी

काचेजवळ, वायपरच्या पुढे झरोका पाडणे किंवा बॉनेटच्या बिजागरीखाली वॉशर घालून मागची बाजू उचलणे, हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत सदोष उपाय आहे. चालत्या गाडीत वारा काचेच्या पायथ्याशी अडतो आणि तिथे दाब वाढतो. म्हणून तर गाडीच्या आतल्या हवेसाठीचे तोंड कंपन्या तिथेच ठेवतात. त्या जागी फट ठेवली, तर वेग आल्यावर हवा बाहेर येण्याऐवजी आत घुसते, आणि गाडी उभी असताना इंजिनाचा वास व धूर थेट आतल्या माणसांकडे जातो. याउलट बॉनेटच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात, जिथे वारा नाकावरून वळून वर येतो, तिथे दाब कमी असतो. बहुतेक गाड्यांत हीच जागा रेडिएटरच्या पंख्यामागे येते, म्हणजे गरम हवा इंजिनावर पसरण्याआधीच तिला बाहेर काढता येते.

प्रत्येक गाडीचे नाक वेगळे असल्यामुळे अंदाजावर न राहता मोजावे. मत्स्यालयाच्या पंपाला लावतात तशी पारदर्शक नळी घेऊन लाकडी फळीवर इंग्रजी यू अक्षराच्या आकारात बसवावी आणि तिच्यात रंगीत पाणी अर्ध्यापर्यंत भरावे. नळीचे एक टोक बॉनेटखाली, रेडिएटरच्या मागे, पंख्याच्या थेट झोतापासून बाजूला बांधावे. दुसरे टोक मधोमध भोक असलेल्या पातळ प्लास्टिकच्या चकतीला खालून जोडून ती चकती बॉनेटवर सपाट चिकटवावी. नळीचे तोंड वाऱ्याला सामोरे राहिले, तर पृष्ठभागावरचा दाब न मोजता वाऱ्याचा माराच मोजला जातो. महामार्गाच्या मोकळ्या पट्ट्यावर गाडी ताशी ८० किलोमीटरच्या स्थिर वेगाने चालवावी आणि शेजारी बसलेल्याने पाण्याच्या पातळ्या टिपाव्यात. बॉनेटवरच्या टोकाच्या बाजूचे पाणी वर चढले, तर तिथून हवा बाहेर पडेल. चकती पाच-सहा ठिकाणी सरकवून जिथे फरक सर्वांत मोठा येतो, ती जागा निवडावी.

इथेच अपेक्षाही ठरवून घ्याव्यात. ताशी ८० किलोमीटरला वाऱ्याचा पूर्ण दाब सुमारे ३ सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ताशी ४० ला तो पाऊण सेंटिमीटरवर येतो आणि घाटात ताशी २० ने चढताना जेमतेम २ मिलिमीटर उरतो. झरोक्याची ओढ या दाबावर अवलंबून असल्यामुळे घाटात आणि कोंडीत तिचा उपयोग नगण्य असतो. तिथे पंख्याचा रेटा आणि गरम हवेची वर जाण्याची प्रवृत्ती एवढ्याच दोन गोष्टी कामाला येतात. झरोक्यामुळे त्यांनाही वाट मिळते, पण महामार्गावर दिसणारा फरक आंबोलीच्या वळणांवर दिसेल अशी आशा धरू नये.

तिसरी पायरी: कायदा, विमा आणि दुसरे बॉनेट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व अधोरेखित केले. कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे पेण, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गनगरी यांपैकी आपल्या परिवहन कार्यालयाकडे आधी लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. वॉरंटीतली गाडी तर कापूच नये.

मूळ बॉनेट न कापता जुन्या पार्टच्या बाजारातून त्याच मॉडेलचे दुसरे बॉनेट घेऊन ते कापावे. मूळ बॉनेट घरी राहिले, तर गाडी विकताना किंवा हरकत आल्यास ते परत चढवता येते.

चौथी पायरी: कापणे आणि बसवणे

बॉनेट गाडीवरून उतरवून उलटे ठेवावे. आतल्या बाजूला जो सांगाडा दिसतो, तो अपघातात बॉनेट कसे दुमडावे आणि पादचाऱ्याचे डोके आपटल्यास किती दबावे, हे ठरवतो. म्हणून सांगाड्याची एकही पट्टी आणि लॉकच्या आसपासचा भाग कापू नये. दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत जेवढा झरोका मावेल तेवढाच पाडावा, लागल्यास दोन लहान पाडावेत. आखलेल्या जागेवर मास्किंग टेप लावून चारी कोपऱ्यांवर ड्रिलने गोल भोके पाडावीत, कारण टोकदार कोपऱ्यातून पुढे पत्रा चिरत जातो. भोके जोडताना बारीक दातांच्या पात्याचा जिगसॉ (विजेवरची करवत) वापरावा. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी आजूबाजूचा रंग आणि पत्र्यावरचा जस्ताचा थर जळतो, आणि किनाऱ्यावर गंज नेमका तिथून सुरू होतो. लोखंडी कीस ब्रशने व चुंबकाने पूर्ण काढावा, नाहीतर दोन पावसांत बॉनेटभर तांबूस ठिपके उमटतात.

कापलेली कड कानसीने गुळगुळीत करून तिच्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि मग रंग द्यावा, आणि दोन पत्र्यांमधल्या पोकळीत गंजरोधक मेण फवारावे. झरोक्याची जाळी प्लास्टिकची किंवा फायबरची घ्यावी. अॅल्युमिनियमची घेतली, तर पोलादी पत्र्याशी तिचा थेट स्पर्श होऊ देऊ नये, कारण खाऱ्या ओलाव्यात दोन वेगळ्या धातूंच्या जोडात अॅल्युमिनियम भुकटी होऊन जाते. मध्ये रबरी पट्टी आणि स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर घालावेत. जाळीच्या पट्ट्यांची तोंडे काचेच्या दिशेला असावीत. झरोक्याच्या पुढच्या कडेला एक-दीड सेंटिमीटर उंचीची उभी पट्टी लावली, तर वारा तिच्यावरून उडी घेतो, मागे दाब आणखी उतरतो आणि ओढ वाढते.

पाचवी पायरी: पाणी अडवावे

चालत्या गाडीत बाहेर पडणारी हवा बरेचसे पाणी परतवते, पण अंगणात उभ्या गाडीवर पाऊस सरळ आत पडतो. झरोक्याच्या खाली अल्टरनेटर, इग्निशन कॉईल, फ्यूजची पेटी किंवा एअर फिल्टरचे तोंड येत असेल, तर ती जागा सोडून द्यावी, मग तिथे दाब कितीही अनुकूल असो. बाकी ठिकाणी झरोक्याखाली उताराची पन्हळ बसवून पाणी बाजूने खाली सोडावे; पन्हळ आणि झरोका यांच्यात हवेला पुरेल एवढे अंतर ठेवावे.

जूनच्या सुरुवातीला आतून रबर लावलेला पत्रा नट-बोल्टने बसवून झरोके बंद करावेत, हा माझा आग्रह आहे. पावसाळ्यात हवा थंड असते, रेडिएटरवर पाण्याचे तुषार पडतात आणि झरोक्यांची गरज राहत नाही.

शेवटची पायरी: फरक मोजावा

पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डवरचा काटा मधल्या टप्प्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, त्यामुळे त्यावर विसंबू नये. ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या जोडणीला) लावायचा रीडर घेऊन कूलंटचे आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान मोबाईलवर पाहावे. झरोक्यांसह आणि मूळ बॉनेटसह, तोच रस्ता, तेवढीच माणसे, एसी चालू आणि दिवसाची तीच वेळ ठेवून दोन्ही नोंदी घ्याव्यात. कूलंटच्या तापमानात फारसा फरक दिसणार नाही, कारण थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह कमी-जास्त करणारी झडप) ते धरून ठेवतो; आत जाणाऱ्या हवेचे तापमान आणि पंखा किती वेळा सुरू होतो, यांतला बदल जास्त बोलका असतो. बाहेर पडणारी गरम हवा काचेवरून जाऊन आतल्या हवेच्या तोंडात शिरते, म्हणून तेलाचा किंवा धुराचा वास आल्यास गळती शोधून बंद करेपर्यंत झरोके झाकून ठेवावेत.

ऑक्टोबरमध्ये पत्रा काढताना कापलेल्या कडेवर बोट फिरवून पाहावे. रंगाला फोड आलेला असेल तर तेवढाच भाग खरवडून, प्रायमर लावून रंगवावा आणि मगच झरोके उघडावेत.