छोटं अनुदान मागायचंय? आधी नकाशा, मग बाकीचं

आमच्या ओरिएंटीयरिंगच्या, म्हणजे नकाशावरून ठाणी शोधत धावायच्या खेळाच्या, क्लबचा पहिला अर्ज फेटाळला गेला तेव्हा मी चांगलीच चिडले होते. अकरा पानी अर्ज होता. नॉर्वेत 1897 साली झालेल्या ओरिएंटीयरिंगच्या पहिल्या खुल्या शर्यतीपासून सुरुवात, मग 1961 साली आंतरराष्ट्रीय महासंघ कसा स्थापन झाला, मग या खेळाने एकाग्रता कशी वाढते. पैसे हातात आल्यावर आम्ही नेमकं काय करणार, हे मात्र शेवटच्या पानावर दीड ओळीत होतं. मागणी होती इलेक्ट्रॉनिक पंचिंगच्या संचाची. म्हणजे वेळ आपोआप नोंदवायला प्रत्येक ठाण्यावर एक यंत्र आणि खेळाडूच्या बोटात चिप. त्या वेळी आमच्याकडे नियमित येणारे लोक होते बारा. बारा जणांची वेळ एका घड्याळात आणि वहीच्या एका पानात मावते, हे समितीतल्या माणसाला फोनवर दोन मिनिटांत कळलं. आम्हाला कळायला वर्ष गेलं.

त्यानंतर सात अर्ज केले, चार मंजूर झाले. गेली दोन वर्षं एका छोट्या निधीकडे आलेले अर्ज वाचायलाही बसते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंचं थोडंफार दिसतं.

हा खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी: हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं, नकाशावर जांभळ्या वर्तुळांनी दाखवलेली ठाणी क्रमाने शोधायची आणि लवकरात लवकर परतायचं. प्रत्येक ठाण्यावर तीस बाय तीस सेंटीमीटरचा, अर्धा पांढरा अर्धा नारिंगी, तीन बाजूंचा झेंडा असतो. वाट कुठली घ्यायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. नवखा माणूस पहिली चूक रंगात करतो. त्याला नकाशावरचा पांढरा भाग मोकळं मैदान वाटतो. प्रत्यक्षात पांढरं म्हणजे सहज धावता येईल असं जंगल, मोकळी जागा पिवळी, आणि हिरवं जितकं गडद तितकी झाडी दाट.

अनुदानाची गोष्ट इथूनच सुरू होते. फुटबॉलवाल्यांना मैदान आयतं मिळतं. आमच्या खेळात नकाशा तयार होईपर्यंत मैदानच नसतं. बाग असते, टेकडी असते, पण त्यावर खेळता येत नाही. म्हणून दुसऱ्या अर्जात आम्ही फक्त एका सार्वजनिक बागेचा नकाशा मागितला. दोन पानी अर्ज, सोबत बागेची देखभाल करणाऱ्यांचं परवानगीपत्र आणि आम्ही हाताने काढलेल्या एका कोपऱ्याचा नमुना. त्या नमुन्यात एक बाक, दोन पायऱ्या आणि कुंपणातली फट होती. मंजुरी आली तेव्हा कळलं की वाचणाऱ्यांनी तो कोपरा बराच वेळ निरखला होता.

कुठलाही खेळ असो, स्वतःला एकच प्रश्न विचारा: कार्यक्रम संपल्यावर हातात काय उरेल? टी-शर्ट, पदकं, मांडव यांवरचा खर्च त्या दिवशीच संपतो. छोट्या निधीच्या माणसांना असे अर्ज ढिगाने येतात. नकाशा एकदा झाला की त्यावर सहा वर्षांची मुलंही फिरतात आणि साठीतली माणसंही, दर वेळी ठाणी वेगळी मांडायची. तुमच्या खेळात ती जागा जाळ्याची असेल, आखलेल्या रेषांची असेल किंवा दोन प्रशिक्षित पंचांची.

अंदाजपत्रकाबद्दल थोडं सविस्तर, कारण खरी धडपड तिथेच होते. नकाशा काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ओपनओरिएंटीयरिंग मॅपर नावाचं. बागेत फिरून मोजमापं घ्यायला आम्हा दोघींना सहा रविवार लागले. ते तास आम्ही अर्जात लिहिले आणि ‘संस्थेचा श्रमरूपी वाटा’ म्हणून दाखवले. पुष्कळ निधी संस्थेचा स्वतःचा वाटा मागतात, आणि नव्या क्लबकडे रोख नसतेच. मात्र तासांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. मागाहून आठवून लिहिलेले तास ओळखू येतात. सगळे गोल आकड्यात असतात.

पैसे मागितले ते तीन गोष्टींसाठी: अनुभवी नकाशाकाराकडून एकदा तपासणी, झेंडे आणि छपाई. छपाई हा शब्द मी तेव्हा फार बेफिकिरीने लिहिला. पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी ऐंशी नकाशे छापून आले, सुरेख दिसत होते. सकाळी एक अनुभवी खेळाडू पाचव्या ठाण्याच्या अलीकडेच शोधत राहिला, परत आला आणि म्हणाला, “ताई, तुमची पावलं आखूड आहेत की नकाशा?” पट्टी लावली. 1:4000 च्या नकाशात एक सेंटीमीटर म्हणजे चाळीस मीटर. दोनशे मीटरचा रस्ता पाच सेंटीमीटर भरायला हवा, भरत होता पावणेपाच. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय सुरू राहिला होता. सगळ्या प्रती रद्दी. पुन्हा छपाईचा खर्च अंदाजपत्रकात कुठेच नव्हता, तो आमच्या खिशातून गेला. आता मी छपाईसमोर ‘एक चाचणी प्रत’ अशी वेगळी ओळ लिहिते आणि ती आल्याबरोबर पट्टी घेऊन बसते.

पैसे कधी मिळणार हे अर्जाआधी विचारा. आगाऊ देणारे निधी असतात, तसेच खर्च करून पावत्या दिल्यावर परतफेड करणारेही. दुसऱ्या प्रकारात मधले काही महिने कुणाच्या तरी खात्यातून पैसे जाणार असतात. कुणाच्या, हे क्लबच्या बैठकीत ठरवून ठराव लिहून ठेवा, नाहीतर तो भार गुपचूप एका माणसावर पडतो आणि दोन वर्षांनी तो क्लब सोडतो. मंजुरीच्या तारखेआधीची पावतीही सहसा चालत नाही. आम्ही उत्साहाच्या भरात झेंडे आधीच आणले आणि ती रक्कम गमावली. नियम पत्रात ठळक छापलेला होता, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं.

अर्जातल्या ‘लाभार्थी संख्या’ या रकान्याचा मला मनापासून राग आहे. तिथे माणसं ‘पाचशे’ लिहून मोकळी होतात. वाचताना मी तिथे थांबते आणि स्वयंसेवक किती ते बघते. तीन स्वयंसेवक आणि पाचशे लाभार्थी असतील, तर अर्ज लिहिणाऱ्याने एकही कार्यक्रम स्वतः उभा केलेला नाही, असं धरून चालायला हरकत नाही. आम्ही नोंदवहीत फक्त एक रकाना वाढवला: ‘याआधी किती वेळा आलात?’ पहिल्या वर्षी एकूण एकशे चाळीस जण आले, त्यातले दुसऱ्यांदा आलेले एकोणतीस. आकडा लहान आहे म्हणून लपवायचा विचार झाला होता. तो जसाच्या तसा लिहिला, सोबत कारणही दिलं: नवख्यांसाठीचा मार्ग फार लांब होता, अर्धे लोक मध्येच परत फिरले. पुढच्या अर्जात छोट्या मार्गासाठी आणि नवख्यांबरोबर चालणाऱ्या दोन सोबत्यांच्या प्रशिक्षणासाठी पैसे मागितले. ते मिळाले, आणि मुलाखतीत सगळे प्रश्न त्या एकोणतीस जणांबद्दलच होते.

पंचिंगचा संच आम्ही अजूनही घेतलेला नाही. शंभर माणसं एका सकाळी येऊ लागली की मागू.

आणखी एक, पैसे उरले तर. आमच्या तिसऱ्या अनुदानात नकाशाकाराने कमी मोबदला घेतला, थोडी रक्कम शिल्लक राहिली. खजिनदार म्हणाला, होकायंत्रं घेऊन टाकू, कोण विचारतंय. मी दोन ओळींचं पत्र पाठवलं: इतकी रक्कम उरली आहे, यातून आठ होकायंत्रं घेऊ का? तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘घ्या, पावती या शीर्षाखाली लावा.’ ते उत्तर मी पावतीलाच टाचून ठेवलं. हिशेब तपासणाऱ्याने त्या पानावर फक्त बरोबरची खूण केली आणि पुढचं पान उलटलं.